पंधराचा फिलर

"टॅपेट वाजून राहिले भाऊ, पंधराचा फिलर टाकून घ्या." वणीपासून हिंगणघाटपर्यंत रस्त्याकडेच्या कोणत्याही टिनाच्या शेडमध्ये हे वाक्य कानावर पडतं. त्यातला "पंधरा" मला नेहमी अस्वस्थ करतो. टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-धुराच्या झडपा, उघडणाऱ्या जोडणीतला भाग, आणि फिलर किंवा फिलर गेज म्हणजे तिथली बारीक फट मोजायची पातळ पोलादी पाती. पंधरा हे त्या फटीचं माप. पण कशाचे पंधरा? अ‍ॅम्बेसॅडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनासाठी पंधरा म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, पंधरा थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. मारुती ८०० च्या कार्बोरेटरवाल्या इंजिनासाठी पंधरा म्हणजे ०.१५ मिलिमीटर, तेही इंजिन थंड असताना. थाऊत मोजलं तर ते जेमतेम सहा भरतं. एकाच आकड्याचे दोन अर्थ, आणि दोघांत अडीच पटीचा फरक. फिलर गेजच्या पात्यांवर दोन्ही मापं कोरलेली असतात, पण दहा वर्षं वापरलेल्या गेजवरचा एखादा आकडा झिजून गेलेला असतो. उरलेला आकडा वाचून हात कामाला लागतात.

म्हणून हत्यार निवडायचं म्हटलं की मी पान्यापासून सुरुवात करत नाही, पात्यापासून करतो. चांगल्या पोलादाचं, दोन्ही मापं ठळक कोरलेलं फिलर गेज ही या कामातली पहिली खरेदी असावी. बाकी सगळं गावात उसनं मिळतं, फिलर उसना घेऊ नये. दुसऱ्याच्या गेजची पाती कुठे वाकली, कुठे गंजली, कशाने खरवडली हे आपल्याला माहीत नसतं. ०.१५ च्या पात्यावर गंजाचा थर चढला किंवा कडेला धातूची बारीक खरखरीत कूस उठली, तर ते पातं ०.१८ सारखं अडतं. आपण टॅपेट तेवढा ढिला सोडतो आणि झाकण लावल्यावर आवाज का जात नाही म्हणून डोकं खाजवत बसतो. पावसाळ्यात वऱ्हाडातल्या दमट हवेत उघडं पडलेलं गेज महिन्याभरात ठिपके धरतं. काम झालं की प्रत्येक पातं पुसून त्यावर इंजिन ऑइलचा हात फिरवायचा, एवढीच त्याची देखभाल.

फट कशासाठी ठेवायची हे डोक्यात पक्कं असलं की पुढचं सोपं जातं. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. ती लांबूनही व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे बसण्याच्या गोल कडेवर, पूर्ण टेकला पाहिजे, म्हणून रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा आडवा दांडा) आणि दांडीच्या टोकात थोडी मोकळीक ठेवतात. फट जास्त झाली तर रॉकर दांडीवर आपटतो, खडखड येते, व्हॉल्व्ह उशिरा उघडून लवकर मिटतो, ताकद थोडी कमी होते. फट कमी झाली तर आवाज येत नाही, आणि खरी भीती तिथेच आहे. एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणारा, व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकून असतानाच बाहेर टाकतो. तो पुरता टेकलाच नाही तर त्याच्या कडेवरून जळता वायू निसटत राहतो, कड जळते, आणि मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्यावाचून इलाज नसतो. वाजणारा टॅपेट मालकाला त्रास देतो, मुका टॅपेट इंजिन खातो. शंका असेल तेव्हा पाव मापाने ढिला बरा, घट्ट नको.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण खेड्यापाड्यात उरलेल्या ओम्नी आणि मारुती ८०० पैकी बऱ्याच गॅसवर चालतात. गॅसच्या इंधनात सीटला थोडंही वंगण मिळत नाही. सीट हळूहळू झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, आणि तो वर सरकला की फट आपोआप बुजते. पेट्रोलच्या गाडीचा टॅपेट वापरासोबत साधारण ढिला होत जातो, गॅसच्या गाडीचा घट्ट होत जातो. जुन्या अ‍ॅम्बेसॅडरचंही तसंच आहे. ती शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली, आणि शिशाचं पेट्रोल देशातून २००० साली गेलं. कडक सीट न बसवलेल्या हेडमध्ये तेव्हापासून एक्झॉस्टच्या सीटा बसत चालल्या आहेत. अशा गाडीचा आवाज "सुधारला" असं कुणी सांगितलं तर आधी फिलर घालून पाहावं. गॅसवरच्या गाडीला मी दर पाच हजार किलोमीटरला टॅपेट बघा असं सांगेन, वाजो की न वाजो.

आता पाने. अ‍ॅम्बेसॅडरच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्यातल्या पेट्रोल इंजिनात रॉकरच्या पुशरॉडकडच्या, म्हणजे त्याला खालून ढकलणाऱ्या दांडीकडच्या, टोकाला खाच असलेला स्क्रू आणि त्यावर तो जागीच धरणारा लॉकनट असतो. हा नट अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा. गावात बहुतेकांकडे मिलिमीटरचे पाने असतात, मग तेरा नंबरचा लावला जातो. ०.३ मिलिमीटरची मोकळीक डोळ्याला दिसत नाही, पण दहा-बारा वेळा फिरवल्यावर नटाचे कोपरे गोल व्हायला तेवढी पुरते. कोपरे गेले की पुढचा माणूस पकड लावतो, आणि त्यानंतर नट पुन्हा नीट धरला जाणं अवघड. अर्ध्या इंचाचा रिंग पाना हा पकडीपेक्षा स्वस्त इलाज आहे. रिंग शक्यतो सहा कोनी आणि पातळ भिंतीची, आणि मान थोडी वर उचललेली, म्हणजे शेजारच्या रॉकर शाफ्टच्या (रॉकर ज्यावर बसतात त्या दांड्याच्या) खांबाला ती अडत नाही. फिक्स पाना इथे नकोच. तो दोनच बाजूंना धरतो आणि लॉकनट पातळ असतो.

पेचकस निवडताना लोक सगळ्यात कमी विचार करतात. स्क्रूच्या खाचेत पेचकसाचं पातं लांबीला आणि जाडीला, दोन्ही बाजूंनी भरलं पाहिजे. जाडी कमी असली तर पातं खाचेत तिरकं होतं आणि खाचेच्या कडा दुमडतात. जाड पातं घासून बसवायचं असेल तर ग्राइंडरवर दोन सेकंद घासा, मग पाण्यात बुडवा, पुन्हा घासा. पातं निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला, तो पेचकस मग फक्त डबे उघडायला. मूठ आखूड आणि जाडी असावी. या कामाला ताकद लागत नाही, बोटांना स्क्रूची जागा कळावी लागते.

या दोन्ही कामांसाठी एकच हत्यार मिळतं. बाहेर गोटीसारखी नळी नट धरते, आतून टी आकाराची दांडी स्क्रूला पकडते. कल्पना उत्तम आहे, कारण लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरू द्यायचा नाही हीच यातली मुख्य अडचण असते. पण बाजारात मिळणारे स्वस्त नग बघून घ्यावेत. आतली दांडी नळीत डुगडुगते, त्यामुळे तिचं टोक खाचेत मध्यावर बसत नाही, आणि टोकाचं पोलाद मऊ असतं. दुकानातच दांडी बोटात धरून हलवून पाहा. तिचं टोक मिलिमीटरभरही इकडेतिकडे होत असेल तर ते परत ठेवा. दुचाकीचे टॅपेट पाने सगळीकडे मिळतात आणि मोहात पाडतात, पण त्यांचं टोक दुचाकीच्या बारीक चौकोनी स्क्रूसाठी असतं. कारच्या खाचेत ते घालून भागवू नये. चांगला रिंग पाना आणि घट्ट बसणारा पेचकस हातात असेल तर हे जोड हत्यार नसलं तरी काम अडत नाही. अपवाद ओम्नीचा. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली, सीट उचलून वरून हात घालावा लागतो. पाना आणि पेचकस दोन्ही हातांत धरल्यावर फिलर धरायला तिसरा हात उरत नाही. तिथे जोड हत्याराचे पैसे वसूल होतात.

सगळ्यात नाजूक प्रश्न मात्र पात्याच्या रुंदीचा आहे, आणि त्याबद्दल बोललं जात नाही. जुन्या इंजिनात रॉकरचा जो भाग व्हॉल्व्हच्या दांडीवर टेकतो, तिथे वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी खळगा पडतो. तो नेमका दांडीच्या टोकाएवढा असतो. साधं फिलरचं पातं अर्ध्या इंचाच्या आसपास रुंद, म्हणजे दांडीच्या टोकापेक्षा रुंद. ते खळग्यात शिरत नाही, खळग्याच्या दोन कडांवर पुलासारखं बसतं. खळगा ०.१० मिलिमीटर खोल असेल आणि आपण ०.३८ चं पातं बरोबर अडेल असा टॅपेट बसवला, तर खरी फट ०.४८ राहते. गाडी वाजतच राहते. मालक म्हणतो पुन्हा सेट करा, आणि कुणीतरी वैतागून स्क्रू अंदाजाने अजून आवळतो. मग आठांपैकी ज्या रॉकरला खळगा नसतो तोही सोबत आवळला जातो आणि त्याचा व्हॉल्व्ह जळतो. चूक पात्याची नव्हती, पात्याच्या रुंदीची होती.

झाकण उघडल्यावर पहिलं काम म्हणून रॉकर एका बाजूला सरकवून त्याच्या टेकण्याच्या भागावरून नख फिरवा. नख अडलं तर खळगा आहे. मग तीन वाटा उरतात.

पहिली, अरुंद पातं. सुटं पातं घेऊन त्याची लांबीभर कड घासून ते पाच-सहा मिलिमीटर रुंद करायचं. घासल्यावर कडेला उठलेली कूस तेलाच्या दगडावर काढायची आणि मायक्रोमीटरने जाडी पुन्हा बघायची. माप बदललेलं असेल तर ते पातं टाकून द्यायचं.

दुसरी वाट डायल गेजची. गेजचं टोक रॉकरवर, बरोबर व्हॉल्व्हच्या दांडीच्या वर टेकवायचं आणि रॉकर बोटाने वर-खाली हलवायचा. काटा जितका फिरतो तितकी खरी फट, खळगा असो नसो. साध्या डायलवर ०.०१ मिलिमीटर वाचता येतं. एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. डायलचा स्टँड चुंबकाचा असतो. अ‍ॅम्बेसॅडरचं हेड ओतीव लोखंडाचं, तिथे तो चिकटतो. मारुतीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, तिथे तो घसरून खाली पडतो. झाकणाच्या एखाद्या स्टडला लोखंडी पट्टी आवळून तिच्यावर स्टँड बसवावा लागतो.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते, कारण तिला काही विकत घ्यावं लागत नाही. स्क्रूचे आटे हेच माप मानायचं. अ‍ॅम्बेसॅडरच्या स्क्रूला एका इंचात २४ आटे, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात स्क्रू १.०६ मिलिमीटर सरकतो. स्क्रू पुशरॉडच्या बाजूला आहे, आणि रॉकर तिकडची हालचाल व्हॉल्व्हच्या बाजूला साधारण १.४ पट करून देतो. व्हॉल्व्हकडे ०.३८ फट हवी तर स्क्रू ०.२७ मिलिमीटर मागे यायला हवा. ०.२७ ला १.०६ ने भागा, उत्तर पाव फेऱ्याला येऊन टेकतं. म्हणजे लॉकनट सोडायचा, रॉकर हलवत स्क्रू इतका आत न्यायचा की खेळ नुकताच संपेल, पण व्हॉल्व्हची स्प्रिंग दबू द्यायची नाही. स्क्रूची खाच घड्याळातल्या बारावर आहे असं समजून ती उलटी नऊवर आणायची. मग स्क्रू धरून नट आवळायचा. खळगा कितीही असला तरी फट बरोबर निघते. मारुतीच्या कॅम (रॉकर हलवणारा फिरता दांडा) वर असलेल्या इंजिनात स्क्रू व्हॉल्व्हच्याच टोकाला असतो, तिथे १.४ चा गुणाकार नाही. स्क्रू जितका मागे, तितकीच फट. आट्याचं अंतर पिच गेजने मोजून हिशोब करायचा. समजा ते ०.७५ निघालं, तर ०.१५ साठी एक पंचमांश फेरा लागेल. खेळ संपल्याचा क्षण ओळखणं हीच या पद्धतीतली परीक्षा, आणि ती पाच-सहा गाड्यांनंतर बोटांत येते.

रॉकरचा खळगा ग्राइंडरवर घासून सपाट करून देणारे भेटतात. वरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की नवा खळगा आधीपेक्षा लवकर पडतो. त्यापेक्षा रॉकर बदलावा.

जुन्या महिंद्रा जीपचं, सीजे-३बी च्या हरिकेन इंजिनाचं, गणित वेगळं. त्यात इनटेकचे (हवा आत घेणारे) व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे ब्लॉकमध्ये, बाजूच्या झाकणामागे. मापंही दोन. थंड इंजिनात इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६. वरच्यांना पाना आणि फिलर नेहमीचा. खालच्यांना एक पाना टॅपेट धरतो आणि दुसरा त्यावरच्या स्क्रूचं डोकं फिरवतो. दोन्ही एकमेकांना खेटून असल्याने जाडे पाने आत जातच नाहीत. इथे खास पातळ टॅपेट पाने लागतात. ते मिळत नसतील तर साधा फिक्स पाना घासून पातळ करता येतो, मात्र घासताना तोच पाण्यात बुडवायचा नियम पाळावा. या इंजिनाच्या खाली बसून काम करताना गरम मॅनिफोल्ड कोपराला लागतो, म्हणून रात्रभर थंड झालेलंच इंजिन घ्यावं.

थंड म्हणजे काय, हा विदर्भातला वेगळाच विषय आहे. पुस्तकातलं थंड इंजिन साधारण वीस अंशांच्या खोलीतलं. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला पंचेचाळीस पार करतात. टिनाच्या शेडमध्ये दुपारी उभी केलेली गाडी हाताला चटका देते. शेडची हवा गरम आहे याची फार काळजी नको, सगळं इंजिन सारखं गरम असेल तर फट फारशी हलत नाही. काळजी असमान गरमीची. अर्ध्या तासापूर्वी तीस किलोमीटर चालून आलेल्या गाडीचा ब्लॉक, हेड आणि व्हॉल्व्ह वेगवेगळ्या तापमानाला असतात, तेव्हा घेतलेलं माप ना थंडीचं ना गरमीचं. उन्हाळ्यात हे काम पहाटे साडेपाचला, चहाच्या आधी. दिवसभर काळीपिवळी चालवणाऱ्यालाही गाडी तेव्हाच मोकळी असते.

धुळीचं भान ठेवा. सोयाबीन निघताना आणि कापूस जिनिंगकडे जाताना हवेत जे उडतं ते उघड्या हेडवर बसतं. झाकण काढण्याआधी त्याच्या भोवतीचा मळ ब्रशने आणि रॉकेलने साफ करावा. उघडल्यावर वापरायचा फडका धोतराचा, धुऊन मऊ झालेला. नवा दुपट्टा नको, त्याचे तंतू सुटतात, आणि तंतू तेलाच्या बारीक वाटेत गेला तर रॉकर शाफ्ट कोरडा पडतो.

इंजिन फिरवायला अ‍ॅम्बेसॅडरचं हँडल असेल तर त्यासारखं काही नाही. चारही प्लग काढा, म्हणजे आत दाबली जाणारी हवा (कॉम्प्रेशन) अडणार नाही आणि एका हाताने इंजिन हवं तिथे थांबेल. क्रम लक्षात ठेवायला नऊची बेरीज. समोरून मोजून आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करा, सहावा दाबलेला असताना तिसरा, चौथा असताना पाचवा, सातवा असताना दुसरा. मग उलट जोड्या. दरवेळी बेरीज नऊ. मारुती ८०० ला तीनच सिलिंडर, तिथे नऊची बेरीज चालत नाही. तिचा फायरिंगचा क्रम १-३-२. पुलीवर खडूने तीन समान भाग करा. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून त्याचे दोन्ही टॅपेट बसवा, मग पुली फिरण्याच्या दिशेने दोन खुणा पुढे नेऊन तिसरा, पुन्हा दोन खुणांवर दुसरा. हँडल नसल्याने पुढचं एक चाक जॅकवर उचलून, चौथ्या गिअरमध्ये टाकून चाकाने इंजिन फिरवणं सोपं पडतं. दुसरं चाक जमिनीवर असू द्या, मागच्या चाकांना दगड लावा.

पातं फटीत घालताना ते तिरकं नसावं. बरोबर मापाला पातं ओढताना हलकी पकड लागते, गव्हाच्या पिठातून बोट काढल्यासारखी. पण "हलकी" प्रत्येक हाताची वेगळी, म्हणून वरचं आणि खालचं पातं घालून खात्री करावी. ०.३८ पकडीने जातं, त्याच्या खालचं सैल जातं, वरचं जात नाही, असं तिन्ही जुळलं की माप खरं. हे लॉकनट आवळल्यानंतर पुन्हा करायचं, कारण नट आवळताना स्क्रू आट्यातल्या खेळाइतका सरकतो. कधी घट्ट होतो, कधी ढिला. पहिल्याच फेरीत जुळलेला टॅपेट क्वचित. नट मनगटाच्या जोराने, वीतभर पान्याने आवळावा. पान्याला पाइप लावला तर आटे उपटतात.

सगळे झाले की इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्रत्येक फट पुन्हा मोजा. एखादी बदललेली निघतेच. मग झाकणाखाली नवं कॉर्क गॅसकेट, जुनं उलटं करून नव्हे. अ‍ॅम्बेसॅडरच्या झाकणाचे दोन नट रबराच्या वॉशरवर बसतात. ते इतकेच आवळा की रबर किंचित फुगेल. त्यापुढे गेलात तर पत्रा मधोमध दबतो, कडा वर येतात, आणि तेल एक्झॉस्टवर टपकून गाडीत जळका वास येऊ लागतो. बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेंटने लिहून ठेवा: ०.३८ मिमी, थंड, तारीख, किलोमीटर. "पंधरा" असं लिहू नका.